ग्लेनिसचे चौदा दिवस

आमच्या टास्मानिया बेटावरच्या अल्व्हरस्टोनमध्ये जून ते सप्टेंबर, म्हणजे ऐन थंडीत, लहान मुलांना सर्दी होत नाही, ताप येत नाही, फ्लू तर नाहीच नाही. त्यांना फक्त दात येतात. नाक वाहतंय? दात येतायत. अंग तापलंय? दात येतायत. खोकून खोकून घसा बसलाय? मग दाढा असतील. सकाळी साडेसहाला पाळणाघराच्या दारात मूल आमच्या हातात देताना आईबाप हे एवढं एकच वाक्य बोलतात आणि गाडीकडे धूम ठोकतात. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर बँजो नावाच्या आमच्या अकरा महिन्यांच्या पोराला एप्रिलपासून चांगले बत्तीस दात आलेले असायला हवेत. मी त्याला रोज दुपारी भोपळा भरवते, त्यामुळे मला माहीत आहे. चार आहेत.

मी त्या पाळणाघराची स्वयंपाकीण. सतरा वर्षं झाली. माझ्या ओट्यासमोर एक सरकती खिडकी आहे, ती तान्ह्यांच्या खोलीत उघडते. खिडकी ताटल्या देण्याघेण्यासाठी आहे, पण माणसाला डोळे आणि कान असतात, त्याला काय करणार? मी जे सांगतेय ते त्या खिडकीतून बघितलेलं आहे, शेवटचं सोडून. शेवटी मी गाडी चालवत होते.

तान्ह्यांच्या खोलीचा कारभार ग्लेनिस टॅपिंगकडे. वय बासष्ट, बांधा बुटका, आवाज खणखणीत, आणि नोकरी एकतीस वर्षांची. गावातल्या पस्तिशीच्या आतल्या निम्म्या लोकांची नाकं तिने पुसली आहेत आणि ती हे विसरत नाही, त्यांनाही विसरू देत नाही. मागच्या वर्षी गाडी जोरात चालवली म्हणून एका तरुण पोलिसाने तिला अडवलं. तिने काच खाली केली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "डॅमियन, नाक." तो बिचारा वही खिशात घालून नाक पुसायला लागला. दंड झालाच नाही.

या ग्लेनिसचं आणि गावातल्या आईबापांचं थंडीत जुंपलेलं असतं. आईबापांची युक्ती साधी आहे. पोराला पहाटे ताप भरला की सहा वाजता त्याला तापाचं गुलाबी औषध पाजायचं. साडेसहाला पोर थंडगार आणि हसरं. ते दारातून आत सरकवायचं. औषध साधारण अकराला उतरतं, तोवर आई कामावर पोचून चार तास झालेले असतात. अकरा वाजता आमच्या खोलीत एकेक पोर निखाऱ्यासारखं व्हायला लागतं. फक्त त्या औषधाला स्ट्रॉबेरीचा वास येतो, आणि ग्लेनिसला नाक आहे. दारात मूल कडेवर घेतलं की ती आधी त्याच्या तोंडाचा वास घेते.

"काय खाल्लं राजाने सकाळी?"

"लापशी."

"आणि स्ट्रॉबेरी?"

"नाही, लापशीच."

"तेच म्हणते मी. उन्हाळ्यातली स्ट्रॉबेरी जुलैत मिळते कुठे? आख्ख्या बेटावर एक नाही. मग याच्या तोंडाला बाग कशी फुलली?"

एवढं झालं की ती मूल तसंच परत आईच्या कडेवर ठेवायची. मग आईबापांना शोध लागला की तेच औषध संत्र्याच्या स्वादातही मिळतं. तो आनंद त्यांना जेमतेम आठवडाभर पुरला.

आमची व्यवस्थापक किरली हिला ही दारातली झटापट आवडत नाही. किरली चौतीस वर्षांची आहे, मनाने चांगली आहे, पण तिचा सूचनांवर फार विश्वास. तिच्या मते जगात जे काही बिघडतं ते नीट चौकटीत छापलेल्या कागदाअभावी. तिने दारावर शेंबडाचा तक्ता लावला. पाण्यासारखा असेल तर आत या, पिवळा असेल तर बोला, हिरवा असेल तर घरी जा, आणि प्रत्येकापुढे त्या त्या रंगाचा ठिपका. दुसऱ्याच दिवशी रंगाच्या दुकानाचा मालक आपल्या मुलीला घेऊन आला आणि तक्त्यासमोर उभा राहून त्याने दहा मिनिटं वाद घातला. "हा हिरवा नाही हो. हा पिवळ्यातलाच आहे, जरा उबदार. आम्ही बैठकीच्या खोलीला देतो." मागे रांग लागली. किरली म्हणाली, तुम्ही आत या. मुलगी आत आली आणि तिने आल्या आल्या पाच जणांच्या चोखण्या चोखून बघितल्या.

डॉक्टरच्या चिठ्ठीची तर वेगळीच गंमत. ताप येऊन गेलेल्या मुलाने 'आता बरा आहे' अशी चिठ्ठी आणायची, हाही किरलीचाच नियम. आमच्या गावात डॉक्टरची वेळ नऊ दिवसांनी मिळते. तोवर पोर बरं होऊन पुन्हा आजारी पडलेलं असतं. त्यामुळे आजच्या तापाबरोबर मागच्या तापाची चिठ्ठी येते, शिक्क्यासकट, आणि किरली ती फाईलला लावते.

हे सगळं गेली कित्येक वर्षं असंच चाललेलं होतं आणि ग्लेनिसला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. दर थंडीत ती चार वेळा आजारी पडायची, चार वेळा उठायची आणि पुन्हा येऊन वास घ्यायची. या वर्षी मात्र गोष्ट वेगळी झाली, कारण मे महिन्यात तिला नात झाली.

तिची एकुलती एक मुलगी रियानन होबार्टला असते, आमच्यापासून गाडीने साडेतीन तासांवर. नात दहा आठवडे आधीच आली. जन्माच्या वेळी पोरीचं वजन सव्वा किलो, म्हणजे मी बाजारातून बटाटे आणते त्याहून कमी. सहा आठवडे हॉस्पिटलच्या काचेच्या पेटीत ठेवली होती, तिथे आईबापांशिवाय कुणाला सोडत नव्हते. जुलैच्या सुरुवातीला नात, मार्नी, घरी आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं नाजूक आहेत, ही पहिली थंडी सांभाळा, एक साधी सर्दीसुद्धा तिला पुन्हा पेटीत नेईल. रियाननने लगेच नियम केला. ज्याला भेटायचं असेल त्याने सलग चौदा दिवस सर्दी, खोकला, ताप, घसा यांतलं काहीही न होता काढायचे, आणि त्या दिवसांत आजारी माणसाला हातही लावायचा नाही. मग यायचं. नियम सगळ्यांना सारखा. सासूला, मैत्रिणींना आणि आईलाही.

आता तुम्हीच सांगा, पाळणाघरातल्या बाईने जुलैमध्ये चौदा दिवस कुठून आणायचे? रजा काढावी तर तान्ह्यांच्या खोलीला कायद्याने शिकलेली बाई लागते आणि गावात तशी दुसरी मिळत नाही. ग्लेनिस गेली की खोली बंद, आणि खोली बंद म्हणजे आठ आया घरी. किरलीने हात जोडून सांगितलं, सप्टेंबरनंतर काय हवी ती रजा घे. पण सप्टेंबरपर्यंत थांबायला ग्लेनिस तयार नव्हती. नातीला तिने फक्त फोनवर बघितलं होतं. फोनवर बाळ एवढंसं दिसतं, त्याचा वास येत नाही, आणि ग्लेनिसला माणसं वासाने कळतात. तिने मला हे सांगितलं तेव्हा ती कपाटातले वाडगे पुसत होती आणि एकच वाडगा बराच वेळ पुसत राहिली. मला फार वाईट वाटलं.

मग तिने कामाची वाटणी केली. तिच्या हाताखाली टीगन नावाची बावीस वर्षांची मुलगी होती, दणकट आणि सदा आनंदी. ग्लेनिसने तिला जवळ बोलावून सांगितलं, "हे बघ टीगन, आजपासून मुलांची वरची बाजू तुझी. नाक, तोंड, लाळ, खोकला, सगळं तुझं. खालची बाजू माझी."

"म्हणजे डायपर सगळे तूच बदलणार?"

"सगळे."

"वरची बाजू कायमची घेते मग," टीगन म्हणाली.

आणि एकतीस वर्षं नोकरी केलेली, खोलीची प्रमुख असलेली बाई दिवसाला चाळीस डायपर बदलायला लागली. तोंडाला मास्क, मान पार तिरकी, आणि मूल खोकलं की अंगठ्यावर गिरकी. टीगनला एकदा मी विचारलं, तुला कंटाळा नाही येत शेंबूड पुसायचा? म्हणाली, कंटाळा कसला, मला वाटलं होतं हिला माझा राग आलाय, आता वाटतं लाडकी आहे मी तिची.

दिवस मोजायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी आली की ग्लेनिस खिडकीत डोकं घालून आकडा सांगायची आणि मी भाजीवाल्याच्या कॅलेंडरवर लिहायचे. पहिल्या वेळी सहापर्यंत पोचलो. सातव्या दिवशी रंगवाल्याच्या मुलीने तिच्या डोळ्यात शिंक दिली आणि संध्याकाळी तिचा घसा धरला. ती चार दिवस घरी पडली. बरी होऊन आली आणि एका रविवारपासून पुन्हा एक. दुसऱ्या वेळी सगळं जमून आलं. आठ झाले, नऊ झाले. अकराव्या दिवशी ती मोठ्याने बोलेना, आकडा बोटांनी दाखवायला लागली. शनिवारी चौदा पूर्ण होणार होते आणि रविवारी होबार्टला जायचं ठरलं. मलाही बहिणीकडे जायचं होतं, म्हणून गाडी मी चालवणार होते. तिने विणलेलं पिवळं स्वेटर धुऊन, इस्त्री करून ठेवलं होतं. लोकरीला इस्त्री करू नये हे तिला माहीत नाही असं नाही, पण तिला काहीतरी करायचं होतं.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, टीगन आली नाही. फोन आला, फ्लू. बदली बाई मिळवायला किरलीने सतरा ठिकाणी फोन केले, तर सतरा ठिकाणी फ्लू. चार तान्ह्यांमागे एक मोठं माणूस हवं असा कायदा आहे, म्हणून मग किरली स्वतः खोलीत आली, लॅपटॉप घेऊन. मुलं सहा होती. साडेसहाला बँजो आला.

बँजोची आई शेला भाज्या गोठवायच्या कारखान्यात रोजंदारीवर आहे. वय चोवीस, नवरा नाही, आणि ज्या दिवशी गैरहजर त्या दिवसानंतर पुढच्या आठवड्यात किती पाळ्या मिळतील ते देव जाणे. ती जाळीची टोपी घालूनच यायची, वेळ वाचवायला. बँजो तिच्या कडेवर टाळ्या वाजवत होता.

ग्लेनिसने चार हातांवरून विचारलं, "बरा आहे?"

"दात येतायत," शेला म्हणाली आणि पोराला किरलीच्या हातात देऊन गेली.

दारात वास घ्यायची त्या दिवशी ग्लेनिसची हिंमत झाली नाही. बारा दिवस झाले होते ना. ती डायपरच्या टेबलापाशी उभी राहिली आणि तिथूनच बँजोकडे बघत राहिली. मी खिडकीतून तिचा चेहरा बघितला. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं, कारण बँजो शहाण्यासारखा वागत होता आणि तो शहाणा नाही.

अकरा वाजता बँजोने भोपळा नाकारला. किरलीने थर्मामीटर लावला, एकोणचाळीस पॉइंट चार, म्हणजे सणसणून ताप. ती म्हणाली, "अरे देवा," आणि फोन घेतला.

शेलाचा फोन कारखान्याच्या कपाटात बंद. तिथे स्वच्छता फार कडक. हात तीनदा धुवायचे, फोन आत न्यायचा नाही, आणि कामगाराला एक शिंक आली तरी त्याला भाज्यांच्या सरकत्या पट्ट्यावरून बाजूला काढतात, गाजरांना काही व्हायला नको म्हणून. आमच्या गावात सर्दीपासून कुणाला खरोखर जपत असतील तर ते गाजरांना. कार्यालयातला माणूस म्हणाला, निरोप देतो, पण अडीचच्या सुट्टीत. किरलीने दुसरा नंबर लावला, शेलाच्या आईचा. ती थंडी नको म्हणून कारवान, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन उबदार क्वीन्सलंडला गेलेली. मागे समुद्राचा आवाज येत होता. "अगं, मी इथून काय करू? ग्लेनिस आहे ना तिथे?" किरलीने तिसरा नंबर लावला.

ग्लेनिसच्या खिशातला फोन वाजला. तिने तो काढून बघितला.

"किरली, मला कशाला फोन करतेस? मी इथेच उभी आहे."

"तातडीचा संपर्क क्रमांक तीन," किरली कागद बघत म्हणाली. "तूच आहेस."

"मला कुणी विचारलं?"

"इथे सही आहे तुझी."

"त्या पोरीला तिसरं माणूस लिहायला नव्हतं, म्हणून केली असेल," ग्लेनिस म्हणाली आणि फोन खिशात टाकला.

एवढा वेळ बँजो किरलीच्या खांद्यावर रडत होता. नुसतं रडणं नाही, मागे वाकून, श्वास अडकेपर्यंत. किरलीने गाणं म्हणून बघितलं, पाठ थोपटून बघितली, पाळण्यात ठेवून बघितलं. पाळण्यात तो गजांना धरून उभा राहिला आणि ग्लेनिसकडे दोन्ही हात केले. चार महिन्यांचा असल्यापासून तो तिच्याच मांडीवर झोपलाय, त्याला चौदा दिवसांचं काय कळणार? मी खिडकीतून म्हटलं, माझ्याकडे द्या. किरली म्हणाली, तुला नाही देता येत, तू साठ मुलांचं अन्न करतेस. बरोबरच होतं तिचं.

"मी त्याला घेतलं तर बारा दिवस गेले," ग्लेनिस म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, असंच.

"नको घेऊस. मी बघते," किरली म्हणाली. खरंच मनापासून म्हणाली.

ग्लेनिस डायपरची टोपली आवरायला लागली. एक डायपर घडी केला, दुसरा केला. बँजोचा आवाज फुटायला लागला. मी मनात म्हणत होते, घेऊ नकोस बाई, थोडं रडलं म्हणून पोर काही मरत नाही. हे मी मनात म्हटलं याची मला आता लाज वाटते, पण म्हटलं. तिसरा डायपर तिने तसाच टोपलीत टाकला, पाळण्याकडे गेली आणि त्याला उचललं.

तो लगेच गप्प झाला. मग त्याने तिचा मास्क ओढून हनुवटीवर आणला, तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि दोनदा खोकला. साडेअकरा ते पावणेतीन तो तिच्या अंगावर झोपला. तिचा हात बधिर झाला, पण तिने तो हलवला नाही.

पावणेतीनला शेला धावत आली, टोपी तशीच डोक्यावर. "मला वाटलं दातच आहेत," ती म्हणाली आणि मग पोराला छातीशी धरून रडायला लागली. तिला ओरडायला माझी जीभ शिवशिवत होती, पण ग्लेनिसने शेलाचा चेहरा पुसला आणि "घरी जा, झोप दोघं" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी किरलीने पालकांना पत्र पाठवलं. वर एक हसरा वोंबॅट, म्हणजे आमच्याकडचं गुबगुबीत जनावर, काढलेला आणि खाली लिहिलेलं, आपल्या सर्वांच्या सहकार्याने ही थंडी निरोगी जात आहे.

शुक्रवारी ग्लेनिस खिडकीत आली आणि म्हणाली, "तेरा."

मी पेन हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिले.

"काय झालं? मला काही होतंय का? नाक बघ. घसा बघ. ठणठणीत आहे. शिवाय मास्क होता मला."

मास्क कुठे होता ते मी बघितलं होतं. मी तेरा लिहिलं. शनिवारी मी घरूनच चौदा धरले. संध्याकाळी रियाननचा फोन आला तेव्हा मी ग्लेनिसकडे चहाला होते. खोकला? नाही. नाक? कोरडं. घसा? छान. ताप? छे. रियाननने जे जे विचारलं त्याला ग्लेनिसने खरं उत्तर दिलं. बँजोबद्दल तिने काही विचारलंच नाही, तिला बँजो नावाचा कुणी आहे हे ठाऊकच नव्हतं. मी गप्प राहिले. मला वाटलं, एकतीस वर्षं गावाची नाकं पुसली या बाईने, एकदा तिच्या मनासारखं होऊ दे.

रविवारी सकाळी आठला निघालो. ग्लेनिसने नवा कोट घातला होता, मांडीवर स्वेटरचा पुडा. नेहमी गाडीत ती वाटेतल्या प्रत्येक घराची कुळकथा सांगते. त्या दिवशी डेलोरेन गाव मागे पडेपर्यंत एक शब्द नाही.

"बरी आहेस ना?" मी विचारलं.

"गुडघा दुखतोय जरा. म्हणून सातला दोन गोळ्या घेतल्या."

"कुठला गुडघा?"

"उजवा."

आख्खं टास्मानिया कॅम्पबेल टाउनला थांबतं, स्वच्छतागृहासाठी आणि खिम्याच्या पॅटिससाठी. आम्हीही थांबलो. साडेदहा झाले होते. पॅटिस घेऊन गाडीत बसलो तर तिने ते हातात नुसतं धरून ठेवलं. गाल लाल झाले होते, पण बाहेर थंडी होती, थंडीने गाल लाल होतात. मी स्वतःला असंच सांगितलं.

"गुडघा कसा आहे?"

"कमी आहे. डावीकडचा नेहमीच त्रास देतो मला."

मी किल्ली फिरवली नाही. पण इतकी वर्षं आईबापांना पकडत आलेल्या बाईला आपण पकडलो गेल्याचं सांगावं लागत नाही. ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती.

"सातला घेतल्या," ती म्हणाली. "अकराला उतरणार. बाराला आपण पोचणार. म्हणजे पोरीला मांडीवर घेईन तेव्हा मला ताप भरलेला असणार." मग माझ्याकडे वळली. "मी दारात उभी असते आणि ही बाई आली असती, तर तिला आत घेतलं असतं का मी?"

"नसतं घेतलंस."

"हाकलली असती. आणि वर चार शब्द ऐकवले असते." तिने पॅटिस पिशवीत परत ठेवलं. "काय गं, तुलाही माहीत होतं ना? सगळं?"

"हो."

"मग बोलायचं होतंस."

"तुला नात बघायची होती," मी म्हटलं.

तिने खिशातला मास्क काढून घडी केला, उघडला, पुन्हा घडी केला. मग गाडीतून उतरून फुटपाथवरच्या बाकावर बसली आणि मुलीला फोन लावला. फोन मी धरला, आवाज मोठा करून.

"आई, कुठपर्यंत आलात? ती आत्ताच जागी झालीय, तुझी वाट बघतेय."

"कॅम्पबेल टाउन. रियानन, मी येत नाही."

"काय झालं?"

"गुडघा दुखतोय." मग ती थांबली. "नाही. गुडघा चांगला आहे. मला ताप आहे. सकाळीच होता, गोळ्या घेऊन निघाले होते."

रियाननचा आवाज बदलला. "गोळ्या घेऊन? आई, तू? तिला काही झालं असतं म्हणजे?"

"म्हणून तर थांबले."

"आणि तुला झालं कसं? चौदा दिवस झाले म्हणालीस ना?"

"गुरुवारी एका मुलाला घेतलं मी. फणफणला होता. तीन तास."

"का? ठेवायचं पाळण्यात. आई, दोन महिने झाले, मी एकटी आहे इथे, नवरा कामावर, कुणी येत नाही, मी कुणाला येऊ देत नाही. मला तू हवी होतीस. आणि तू ते दुसऱ्याच कुणाचं तरी पोर घेऊन बसलीस." ती रडत होती. "मार्नी तुझी आहे. तो कोण लागतो तुझा?"

ग्लेनिसच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तापाचं की कसलं ते मला सांगता येणार नाही.

"तू कामावर कधी जाणार?" तिने विचारलं.

"त्याचं आत्ता काय?"

"सांग तर."

"फेब्रुवारीत. इथल्या पाळणाघरात जागा मिळालीय तिला, मंगळवारी कळवलं त्यांनी. पण आई..."

"मग फेब्रुवारीपासून मार्नीसुद्धा दुसऱ्याच कुणाची तरी. दिवसाचे नऊ तास."

पलीकडे बाळाचा बारीकसा आवाज आला, मांजराच्या पिलासारखा. रियानन त्याला शू शू करत होती. मग तिने अगदी हळू विचारलं, "तिथली बाई घेईल ना गं तिला? रडली तर?"

"घेईल," ग्लेनिस म्हणाली. "आणि तुला फोन करेल. तेव्हा उचल, म्हणजे झालं."

तिने फोन बंद करायला सांगितलं, डोळे पुसले, मास्क नीट नाकावर चढवला आणि गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली, कारण पुढे मी होते.